काळे डाग, वांग आणि काळवंडलेली मान: कारण ओळखण्यापासून उपचारापर्यंत

काळ्या डागांसाठी फार्मसीत येणारी बहुतेक माणसं थेट क्रीमचं नाव घेऊन येतात. कुणाला मावशीने सांगितलेलं असतं, कुणी मोबाईलवर पाहिलेलं असतं. गोव्यातल्या डिचोलीत काउंटरमागे उभी राहून मी एवढं नक्की सांगेन की डाग बिघडवण्यात उन्हाच्या खालोखाल नंबर चुकीच्या क्रीमचा लागतो. म्हणून इथे क्रीम शेवटी येईल. आधी डाग कसला ते ओळखायचं, मग तो वाढवणाऱ्या गोष्टी बंद करायच्या, मग ऊन अडवायचं आणि त्यानंतर औषध. मधल्या पायऱ्या गाळल्या की पैसे जातात, डाग राहतो.

थोडं कातडीविषयी. वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, किती बनवतात आणि शेजारच्या पेशींना कसं पुरवतात यामुळे. ऊन, उष्णता, हार्मोन्स, मुरूम, खाज, चटका, घर्षण यांतलं काहीही झालं की या पेशी जास्त रंग तयार करू लागतात. आपल्या सावळ्या कातडीत हे जरा जोरातच होतं, म्हणून मुरूम जातो आणि डाग मागे राहतो. रंग वरच्या थरातच असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि उपचारांना दाद देतो. खालच्या थरात उतरला असेल तर राखाडी-निळसर दिसतो, आणि तो फिका व्हायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागू शकतं. वरचा थर नवा व्हायलाच चार ते सहा आठवडे जातात. तेव्हा सात दिवसांत डाग घालवतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका.

पायरी १: खिडकीपाशी बसा आणि डागाची जागा बघा

ट्यूबलाइटखाली डागाचा रंग नीट कळत नाही. सकाळी खिडकीपाशी आरसा घेऊन बसा, एक फोटो काढा आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी दुसरा काढा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक दिसत नाही, फोटोत दिसतो.

दोन्ही गाल, कपाळ, नाक आणि वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना जवळपास सारखे तपकिरी पट्टे असतील तर ते बहुधा वांग. ते बायकांना जास्त होतात, पण उन्हात काम करणाऱ्या पुरुषांनाही होतात. घरात आईला किंवा बहिणीला असतील तर शक्यता वाढते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर दिसू लागले असतील तर कारण अर्धं कळलंच.

मुरूम, डास चावलेली जागा, भाजलेली जागा, खाजवून झालेली जखम, वॅक्सिंगनंतरची जळजळ, या सगळ्यांच्या जागी राहणारे डाग वेगळे. मूळ त्रास थांबला की ते हळूहळू स्वतःहून फिके होतात. त्यामुळे मुरूम चालू असताना डागांचं क्रीम लावण्यात अर्थ नाही. आधी मुरूम थांबवा.

कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेपाशी आणि कानांसमोर राखाडी-काळपटपणा पसरत असेल तर हेअर डायकडे बघा. त्यातल्या पीपीडी या रसायनाची काहींना अ‍ॅलर्जी असते, आणि ती दर वेळी खाज किंवा पुरळ घेऊनच येते असं नाही. कधी फक्त काळेपणा दिसतो. सुगंधी तेलं, अत्तर आणि कृत्रिम रंगाचं कुंकू यांनीही असं होऊ शकतं. टिकलीच्या गोंदाने मात्र अनेकदा उलट होतं, कपाळावर पांढरा ठिपका पडतो.

गोळी घेतल्यावर ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर एकच गोल, जांभळट-काळा डाग उठला, आणि पुन्हा तीच गोळी घेतल्यावर नेमक्या त्याच जागी परत उठला, तर ती औषधाची अ‍ॅलर्जी आहे. जुलाबावरच्या आणि दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी हे होताना दिसतं. त्या गोळीचं नाव लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. ताप येऊन गेल्यावर नाकाच्या शेंड्यावर काळेपणा आला असेल तर तो चिकुनगुनियाचा असू शकतो. आपल्याकडे पावसात हा ताप फिरतो आणि नाक काळं झाल्यावर लोक विनाकारण घाबरतात. काही महिन्यांत तो उतरतो. बोटांच्या पेरांवरचा काळेपणा बी-१२ कमी असल्याचं लक्षण असू शकतो, विशेषतः मासे-मटण न खाणाऱ्या घरांत. छाती-पाठीवर बारीक कोंडा असलेले फिके किंवा तपकिरी ठिपके म्हणजे शिबं. ती बुरशी आहे. दमट हवेत ती वाढते आणि बुरशीच्या औषधानेच जाते.

आता मान. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाची मान मागून काळी आणि मखमलीसारखी जाड दिसली की आई त्याला न्हाणीत धरून घासते. त्या मुलाची मान अस्वच्छ नसते. मान, काख आणि जांघेतली ही जाड काळी कातडी बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. त्यामुळे आपल्याकडे काळी मान दिसली की उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. मुलीची पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. वजन उतरलं, साखर सावरली की मान आपोआप निवळू लागते. घासून ती आणखी काळी होते. आणि पाहुण्यांसमोर त्या मुलाला ‘मान धू रे’ म्हणणं कृपा करून बंद करा.

पाठीवर, खांद्यावर आणि दंडांवर लाटांसारखा काळपटपणा असेल तर न्हाणीतली नायलॉनची घासणी किंवा काथ्या आधी बाहेर फेका. वर्षानुवर्षांच्या घासण्याने हा डाग पडतो.

पायरी २: डाग वाढवणाऱ्या गोष्टी आजच बंद करा

लिंबू चेहऱ्यावर चोळणं सर्वांत आधी थांबवा. लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात जे ऊन लागल्यावर कातडी भाजतात. सरबत करून, हात नीट न धुता उन्हात गेलेल्यांच्या बोटांवर आणि मनगटावर ओघळांच्या आकाराचे काळे डाग उठतात ते यामुळेच. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि खरखरीत स्क्रब यांनीही कातडी दुखावते, आणि दुखावलेली कातडी काळी पडते. हळद, बेसन, दही लावून कुणाला बरं वाटत असेल तर मी अडवणार नाही, पण त्याने वांग जात नाहीत.

काजूच्या दिवसांत आणखी एक कारण हमखास दिसतं. बिया भाजताना किंवा फोडताना टरफलातलं तेल उडतं, त्याने कातडी भाजते, फोड येतात आणि मग महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. आंबे उतरवताना देठाचा चीक लागला तरी तसंच. भाजणीला बसताना हातमोजे घाला किंवा निदान हातांना खोबरेल चोपडा. तेल लागलंच तर लगेच साबणाने धुवा आणि फोड फोडू नका. जळजळ जितकी लवकर शमेल तितका डाग फिका राहतो, म्हणून अशा वेळी डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

आता ती ट्यूब, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ‘ताई, ती शेजारणीला लागू पडली ती ट्यूब द्या’ असं म्हणत बायका येतात. मी रिकामी ट्यूब मागते आणि मागची बारीक अक्षरं त्यांच्यासमोर वाचते. तीन नावं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि तिसरं मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. हे तिसरं नाव स्टेरॉइडचं. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी असं तीन औषधांचं मिश्रण मांडलं, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली मोजक्या आठवड्यांसाठी ते आजही उपयोगी आहे. घात होतो तो ते फेअरनेस क्रीम समजून महिनोन्‌महिने लावल्याने. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, आणि तीच ट्यूब तिच्याही घरी जाते. पुढे कातडी पातळ होते, उन्हात जळते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम आणि लव वाढते. थांबवलं की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब घेते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ट्यूब हातोहात फिरतेच. कुणी बरेच महिने लावत असाल तर लाजू नका, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती सोडवायची पद्धत असते, ते ती टप्प्याटप्प्याने सोडवतील.

खाजेच्या आणि गजकर्णाच्या मलमांतही अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन, बीटामेथासोन ही नावं दिसली तर ते मलम मनाने लावू नका. पावसात जांघेत झालेलं गजकर्ण त्याने काही दिवस दबतं, मग पसरतं आणि मोठा काळा पट्टा ठेवून जातं.

लेबल नसलेल्या, परदेशातून कुणी आणून दिलेल्या डबीतल्या क्रीमला हात लावू नका. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका दुर्मीळ आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा तपास अशाच फेअरनेस क्रीमपर्यंत पोचला होता.

पायरी ३: ऊन अडवा, गोव्याच्या हिशेबाने

हे केलं नाही तर पुढची सगळी औषधं वाया जातात. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. ढगांतूनही अतिनील किरणांचा बराच भाग खाली पोचतो, त्यामुळे पावसाळ्यात सनस्क्रीन कपाटात ठेवून देणं चुकीचं. समुद्राची वाळू साधारण १५ टक्के किरणं परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांच्या आसपास. छत्रीखाली बसून मासे विकणाऱ्या, शॅकवर काम करणाऱ्या आणि मिठागरात उतरणाऱ्या माणसांचे चेहरे सावलीतही काळवंडतात ते यामुळे. अंदाजासाठी सोपा नियम: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तोवर ऊन कडक.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ किमान ३०, पीए (यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण) तीन किंवा चार प्लस आणि ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अतिनील किरणं अडवणारं, एवढं लेबलवर बघा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणून महागड्या आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीइतकं क्रीम चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. उन्हात असाल तर दर दोन ते तीन तासांनी पुन्हा, घाम पुसल्यावर पुन्हा.

वांगासाठी एक खास गोष्ट. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, त्यातही निळा-जांभळा भाग, सावळ्या कातडीत वांग वाढवतो, आणि साध्या सनस्क्रीनने तो अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लागतं, ज्याला टिंटेड म्हणतात. वांग असतील आणि एकच सनस्क्रीन परवडत असेल तर हेच घ्या.

स्कूटर चालवणाऱ्यांसाठी: पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट आणि खाली ओढलेली काच अतिनील किरणं जवळपास सगळी अडवते, पण दिसणारा प्रकाश आत येतोच. हातांसाठी सैल, लांब बाह्यांचा शर्ट पुरतो. दिवसभर उन्हात असणारे, मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारे पायलट ज्या बाजूने ऊन येतं त्या बाजूचा गाल जास्त काळवंडलेला दाखवतात. कारमध्ये बसणाऱ्यांनाही बाजूच्या काचेतून यूव्हीए किरणं लागतात. दर महिन्याला सनस्क्रीन परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा रुंद काठाची टोपी, दाट विणीचा कपडा आणि एप्रिल-मेमध्येही उघडलेली छत्री, यांवर भर द्या. चेहऱ्यापुरतं तरी क्रीम ठेवा.

उष्णतेनेही वांग वाढतात. चुलीपाशी, पावाच्या भट्टीपाशी, हुर्राक-फेणीच्या भट्टीपाशी तासन्‌तास असाल तर अंतर ठेवून बसा, अधूनमधून उठा, चेहऱ्यावर गार पाणी मारा.

पायरी ४: चिठ्ठीशिवाय घेता येईल असं काय

सकाळी सौम्य फेसवॉश, हलकं जेल मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री चेहरा धुऊन एकच औषधी क्रीम आणि वर मॉइश्चरायझर. बस, याहून जास्त नको.

ते एक क्रीम कोणतं? मुरूम आणि डाग दोन्ही असतील तर माझी पहिली पसंती १० टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडला. मुरूमही आवरतात, रंगही निवळतो. सुरुवातीला थोडं चुरचुरतं. कातडी नाजूक असेल तर ४ ते ५ टक्के नायसिनामाइड. कोजिक अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन सीही चालतात, पण व्हिटॅमिन सीचं सीरम आपल्या उकाड्यात लवकर खराब होतं. ते गडद तपकिरी झालं की टाकून द्या. नवं काहीही आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला चार-पाच दिवस लावून बघा. लाल झालं, खाजलं तर सोडा. जळजळ सहन करत राहिलात तर नवा डाग पडेल. तीन सीरम एकदम सुरू करणाऱ्यांना कोणतं लागलं आणि कोणतं बाधलं हे शेवटपर्यंत कळत नाही.

किमान आठ ते बारा आठवडे द्या.

पायरी ५: त्वचारोगतज्ज्ञाकडे

तीन महिन्यांत फोटोत फरक दिसला नाही, डाग राखाडी आहेत, किंवा पसरत आहेत, तर जा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्या, लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि हेअर डायचा डबा पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या, फिटच्या, हृदयाच्या काही गोळ्यांनीही कातडीचा रंग बदलतो. पण डाग दिसला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच, पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा.

डॉक्टर वूड्‌स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) किंवा डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) वापरून डाग किती खोल आहे ते बघतात. हायड्रोक्विनोन २ ते ४ टक्के हे जुनं, भरवशाचं औषध, पण ते काही महिन्यांपुरतंच. वर्षानुवर्षं लावलं तर कातडीत निळसर-काळे कायमचे ठिपके उमटू शकतात. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या हट्टी वांगांवर चांगल्या लागू पडतात. मात्र पायाच्या शिरेत गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार स्वतःला किंवा घरात कुणाला झाला असेल तर ते सांगितल्याशिवाय घेऊ नका.

गरोदर असाल तर सनस्क्रीन आणि अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड चालतं. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड नको. बाळंतपणानंतर काही महिन्यांत अनेकींचे वांग आपसूक फिके होतात, तेव्हा घाई करू नका.

पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर काढणं) आणि लेझर यांच्याविषयी मी सावध आहे. योग्य हातात ग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या सौम्य पीलचा उपयोग होतो. पण सावळ्या कातडीत पील जोरात झाला किंवा लेझरची ताकद चुकली तर डाग आधीपेक्षा गडद होऊन परत येतो. ब्यूटी पार्लरमध्ये हे करू नका. डॉक्टरांना थेट विचारा: माझा डाग कोणत्या थरात आहे, किती बैठका लागतील, परत आला तर पुढे काय? लग्न तोंडावर आलं म्हणून एप्रिलमध्ये पील करून घेणं तर मुळीच नको.

डाग गेल्यावर

मुरमांचे, भाजल्याचे डाग एकदा गेले की गेले. वांग मात्र परत येण्याच्या तयारीतच असतात. फिके झाल्यावर डॉक्टर औषध कमी करत नेतात, सनस्क्रीन मात्र चालूच ठेवायचं. शिमग्याच्या आधी चेहऱ्याला आणि केसांना तेल लावा, रंग घासून काढू नका. शिरगावच्या जत्रेला किंवा समुद्रावर दिवसभर जायचं असेल तर टोपी आणि सनस्क्रीनची ट्यूब पिशवीत ठेवा.

वरच्या पायऱ्या करत थांबायचं नाही असेही काही डाग असतात. तीळ किंवा डाग अलीकडे वाढतो आहे, कडा वेड्यावाकड्या झाल्या आहेत, रंग एकसारखा राहिलेला नाही, त्यातून रक्त येतं, किंवा तो ६ मिलिमीटरपेक्षा मोठा झाला आहे. तळहातावर, तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा पट्टा दिसतो आहे. डागाच्या जागी स्पर्श कळत नाही. किंवा हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि सगळं अंगच काळवंडतं आहे, सोबत वजन उतरतं आहे आणि उठल्यावर चक्कर येते. यांपैकी काहीही असेल तर क्रीम न लावता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.